खिडकीबाहेरची गुलछडी

शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मी घराच्या मागच्या बाजूला, खिडकीबाहेर उभा राहून तांब्यातलं पाणी बदलत होतो. काचेच्या आत पलंगावर इंदूवहिनी उशाला टेकून बसल्या होत्या. तोंडाला मास्क, डोक्याला सुती रुमाल. त्या माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी, वय एकोणसत्तर. तांब्यात गुलछडीच्या सहा काड्या होत्या. निशिगंधाला आमच्याकडं गुलछडीच म्हणतात. शुक्रवारी सकाळी लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून मी त्या आणल्या होत्या. खालची सुकलेली चार फुलं खुडली, काड्या बादलीतल्या पाण्यात बुडवून बोटभर कापल्या, तांब्या जागेवर ठेवला आणि आत पाहिलं. वहिनींनी हात हलवून जवळ बोलावलं. काच पातळ आहे, जवळ गेलं की बोललेलं ऐकू येतं.

"आता ही फुलं आत कधी यायची?"

"सोमवारी. रिपोर्ट आला की."

"बुधवारचा चांगला आला होता की रे."

"एकावर भरवसा नको, वहिनी. लागोपाठ दोन चांगले आले की आणतो."

त्या फुलांकडं बघत म्हणाल्या, "बरं. तू म्हणशील तसं."

रविवारी पहाटे साडेपाचला त्या गेल्या. माझी पत्नी सुनंदा त्याच खोलीत खाली झोपत असे. श्वासाचा आवाज बदलला म्हणून ती उठली, मला हाक मारली. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. ज्या आजारासाठी आम्ही चार महिने औषधं करत होतो त्यानं त्या गेल्या नाहीत, किंवा सरळ त्यानं गेल्या नाहीत. आज सव्वा महिना झाला. वहिनी काही नावाजलेल्या बाई नव्हत्या. सातवी शिकलेल्या, घर सांभाळणाऱ्या, मूलबाळ नसलेल्या. त्यांच्यावर कुणी लिहावं असं त्यांना स्वतःलाही वाटलं नसतं. मी लिहितोय ते त्या बुधवारपासून रविवारपर्यंत मी जे केलं ते बरोबर होतं की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही म्हणून.

मी सोळा वर्षांचा असताना अकरावीसाठी नांदेडला दादाकडं आलो. दादा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. बाहेरच्या खोलीत एक लोखंडी टेबल होतं, त्यावर मी अभ्यास करायचो आणि त्याच टेबलाच्या कोपऱ्यात वहिनींचा पितळी तांब्या असायचा. त्यात फुलं. कधी गुलछडी, कधी शेवंती, काहीच नाही मिळालं तर कडुनिंबाची एक मोहोरलेली डहाळी. आमच्या गावात मी असलं काही पाहिलं नव्हतं. फूल म्हणजे देवाला, नाहीतर बायकांच्या अंबाड्यात. तांब्यात पाणी घालून ते उगाच टेबलावर ठेवायचं, ही गोष्ट गल्लीतही कुणाला पटत नसे. एकदा शेजारच्या एका बाईंनी दारातूनच टोमणा मारला, "इंदूबाई, देव कुठं बसवलाय ओ तुमच्या टेबलावर?" वहिनी भाकरी थापत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "हाय की. सकाळी सहाला डबा घेऊन जातो, सांजच्याला वंगणाचे हात घेऊन परत येतो." दादा आत बसून हसत होता.

वहिनींचं माहेर अर्धापूरजवळचं. घरची केळीची बाग, आणि बागेच्या कडेनं त्यांच्या आईनं लावलेली गुलछडीची एक ओळ. माहेराहून कुणी आलं की केळीचा घड यायचा आणि सोबत केळीच्या खोडाच्या ओल्या सालीत, सोपटात, गुंडाळलेल्या फुलांच्या काड्या. घड आला की वहिनी पहिलं काम करायच्या ते म्हणजे तांब्या उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवायचा. केळी पिकत असतील त्या खोलीत फूल टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी शास्त्र शाखेचा विद्यार्थी, मला हे ऐकून हसू आलं. मी एकाच पेंडीतल्या चार-चार काड्या दोन तांब्यांत ठेवल्या, एक घडाखाली, एक स्वयंपाकाच्या खोलीत, आणि वहीच्या मागच्या पानावर रोज नोंद केली. घडाखालची तिसऱ्या दिवशी माना टाकून बसली, दुसरी सहा दिवस राहिली. पिकणाऱ्या केळ्यांतून एक वायू निघतो आणि त्यानं फुलं लवकर म्हातारी होतात, हे मला फार पुढं वाचायला मिळालं. वहिनींनी त्या दिवशी वही पाहिली आणि विचारलं, "पटलं का आता? का तिसरा तांब्या मांडायचा?" मी म्हणालो, एकदा करून भागत नाही, परत करून बघायला पाहिजे. त्या म्हणाल्या, "कर बाबा. पण माझी फुलं नको घेऊ, तुझी आण."

त्यांच्या हाताला वळण लावलं ते समोरच्या हसीनाआपांनी. आपांच्या घरात तीन पिढ्या लग्नाचे सेहरे आणि दर्ग्याच्या फुलांच्या चादरी गुंफायचं काम. दुपारी दोघी दारात बसायच्या, आपांचे हात सुईदोऱ्यावर आणि वहिनींचे हात धान्य निवडण्यात. काडी कशी कापायची ते मी तिथंच ऐकलं. वहिनी विळीवर काडी छाटत होत्या, आपांनी हात धरला. "हवा में नक्को काटो, इंदू. डंडी सांस ले लेती, फिर पानी नै पीती. पानी के अंदर काटो." तेव्हापासून आमच्या घरी फुलं आली की आधी पातेल्यात पाणी भरलं जाई, काडीचं टोक पाण्यात बुडवून तिरपं कापलं जाई आणि क्षणभरही न थांबता ती तांब्यात जाई. पाण्याखाली येणारी सगळी पानं काढायची. रोज सकाळी पाणी नवं, काडी बोटभर आखूड. गुलछडी खालून वर उमलत जाते, म्हणून खालचं फूल सुकलं की खुडायचं, म्हणजे वरच्या कळीला जोर येतो. आणि तांब्या चिंच लावून असा घासायचा की त्यातलं पाणी आपल्याला प्यावंसं वाटलं पाहिजे. "आपल्याला जे चालत न्हाई ते फुलाला कसं चालंल?" असं त्या म्हणायच्या. मी या सगळ्याकडं लांबून बघायचो. त्या वेळी मला ते फावल्या वेळचं काम वाटे. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत मात्र माझ्या लक्षात आलं होतं की अभ्यासाला बसताना मी आधी तो तांब्या बघतो. एके दिवशी तो तिथं नव्हता, वहिनी तापानं झोपून होत्या, आणि मला टेबल ओळखू येईना... त्या दिवशी मी पहिल्यांदा पाणी बदललं. काड्या हवेतच कापल्या. तापातही त्यांनी ते ओळखलं.

पुढं मी लातूरला एका डाळमिलमध्ये मालाची तपासणी करायच्या कामाला लागलो. आज एकतीस वर्षं तेच काम करतोय. आलेल्या तुरीत ओलावा किती, काडीकचरा किती, डागी दाणा किती, हे नमुना काढून सांगायचं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक ट्रक एकाच नमुन्यावर पास केला होता. वरची पोती कोरडी होती, खालच्या थरातली ओली निघाली आणि सगळा माल गच्चीवर पसरून वाळवावा लागला. त्यानंतर मी एका नमुन्यावर कधीच काही पास केलं नाही. दोन वेगवेगळ्या जागचे, दोन वेगवेगळ्या वेळचे नमुने, आणि दोन्ही बरोबर आले तरच सही. मिलमध्ये माझी थट्टा होते, पण माझा शब्द मानतात. ही सवय मी घरीही आणली. दुधाची, गॅसची, मुलीच्या तापाची... सगळ्याची दोनदा खात्री. हे इथं सांगायचं कारण पुढं येईलच.

दादा जाऊन आता दहा वर्षं झाली. त्यानंतर वहिनी नांदेडच्या घरात एकट्या राहिल्या. लातूरला चला म्हटलं की म्हणायच्या, "तुमच्या लातुरात प्यायला पाणी न्हाई, माझ्या फुलांना कुठनं देणार?" ते खरंच ठरलं. दादा गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी त्यांना बळंच दोन महिन्यांसाठी घेऊन आलो, आणि त्याच उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. आमच्याकडं टँकर दहा दिवसांनी यायचा. मी प्रत्येक माणसाचे लिटर ठरवून दिले होते, पिण्याचे, अंघोळीचे, भांड्यांचे, आणि कागद मोरीच्या दारावर लावला होता. वहिनींनी तो नीट वाचला आणि विचारलं, "ह्यात फुलांचं कुठाय?" मी सांगितलं, फुलांना नाही. चार दिवसांनी नांदेडच्या बसच्या कंडक्टरच्या हातून एक पोतं आलं. भाच्याला फोन करून त्यांनी अर्धापूरहून केळीच्या खोडाचे तुकडे मागवले होते, वीतभर उंचीचे, मांडीएवढे जाड. त्यातला एक त्यांनी परातीत उभा ठेवला, विणायच्या सुईनं त्याला भोकं पाडली आणि अंगणात कसंबसं तगून राहिलेल्या सदाफुलीच्या, बोगनवेलीच्या काड्या त्यात खोचल्या. केळीचं खोड म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. ती फुलं चार दिवस ताजी राहिली. मी बघत उभा होतो, तर म्हणाल्या, "तुझ्या कागदातला एक थेंब घेतला न्हाई हां भावजी. हे पाणी केळीचं हाय." एरवी मला त्या सुधाकर म्हणत, अरे-तुरे करत. माझी जिरवायची असली की मी भावजी व्हायचो.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी त्यांना सारखा ताप येऊ लागला आणि तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला. उपचार लातूरला घ्यायचं ठरलं, दवाखाना आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मागची खोली त्यांना दिली. औषधाच्या दुसऱ्या फेरीनंतर अंगातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या आणि डॉक्टरांनी सूचनांचा एक छापील कागद दिला. एकंदर अकरा सूचना. कच्चं खायचं नाही, गर्दी नको, मास्क हवा... सातवी सूचना अशी होती की रुग्णाच्या खोलीत ताजी फुलं आणि कुंड्या ठेवू नयेत. फुलांच्या पाण्यात जंतू वाढतात. जंतूंशी लढणाऱ्या पेशी हजाराच्या वर जाईपर्यंत हे पाळायचं, असं डॉक्टरांनी तोंडी सांगितलं. वहिनींच्या तेव्हा सहाशे चाळीस होत्या. मी कागद दारावर चिकटवला. वहिनींनी चष्मा लावून तो वाचला.

"सातवं तेवढं खोडून टाक."

"डॉक्टरांनी लिहिलंय, वहिनी."

"त्यांना म्हणावं, या घरी. माझ्या तांब्यातलं पाणी पिऊन दावते."

मी ऐकलं नाही. सुनंदानं आधीच उशाशी ठेवलेली शेवंती मी उचलून बाहेर नेली. वहिनींनी भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवस जेवणापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच तोडगा काढला. "कागदात खोलीत ठेवू नका असं लिहिलंय ना? मग खिडकीच्या बाहेर ठेव. काच लावलेलीच हाय." मी कागद पुन्हा वाचला. खरंच, बाहेरचं काही लिहिलेलं नव्हतं. ती खिडकी उत्तरेची, ऊन येत नाही, आणि बाहेरच्या बाजूला नऊ इंचांची पट्टी आहे. मी त्यावर तांब्या ठेवला. दुसऱ्या दिवशी तक्रार आली, "मला नुसते शेंडे दिसून राहिले." मी टेप आणून मोजलं. पट्टी जमिनीपासून चौतीस इंचांवर, आणि उशाला टेकल्यावर वहिनींचे डोळे एकोणतीस इंचांवर. म्हणजे फुलं उंचावर, डोळे खाली, आणि मध्ये खिडकीची जाड चौकट. पलंगाच्या पायांखाली विटा घातल्या, प्रत्येक पायाला दोन. वहिनी पलंगावरच बसून होत्या. "हळू रे... दिराच्या घरी आले आन् गच्चीवर राहायला लागले, असं सांगीन मी हसीनाला."

असे चाळीस दिवस गेले. सकाळी मिलला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मी खिडकीबाहेर उभा राहायचो आणि त्या आतून मला शिकवायच्या. बोट डावीकडं, बोट उजवीकडं, तळहात उताणा म्हणजे वर, पालथा म्हणजे पुरे. मी पंचावन्न वर्षांचा माणूस, हातात कात्री घेऊन एका काडीसाठी दहा मिनिटं उभा. पहिल्या आठवड्यात मी बारा काड्या कोंबल्या होत्या. काचेतून आवाज आला, "बसस्टँड करून ठेवलास नुसता. निम्मे उतरव." मी सहा ठेवल्या. सहापैकी कुठली उंच, कुठली तिच्या खांद्याशी, कुठली बाहेर झुकलेली, हे त्यांना झोपूनही कळायचं. मी काडीची लांबी तांब्याच्या दीडपट असावी असं धरून मोजून कापायचो. त्या म्हणायच्या, "मोजू नको, बघ." मला ते शेवटपर्यंत नीट जमलं नाही. पण एवढं खरं, की त्या वेळेत त्या आजारी नसायच्या. सुया, उलट्या, तोंडातले फोड, यातलं काही त्या वेळी बोलणं होत नसे. मला वाटलं, प्रश्न सुटला.

एके दिवशी संध्याकाळी जेवण द्यायला आत गेलो, तर त्या डोळे मिटून खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. मी विचारलं, काय हवंय का. म्हणाल्या, "दिसतंय सगळं. वास येत न्हाई." मग, "गुलछडी बघायचं फूल न्हाई रे. सांजच्याला वासाला असतं ते. नुसतं बघायचं तर प्लास्टिकचं आणायचं होतंस." हे त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं... रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, हजाराच्या वर आकडा गेला की त्याच दिवशी तांब्या उशाशी. माझे शब्द हेच होते, त्याच दिवशी.

बुधवारी दुपारी चार वाजता रिपोर्ट आला. एक हजार तीनशे ऐंशी. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चांगलं आहे, आता हळूहळू मोकळं करू. मी दह्याचं विचारलं, भेटायला येणाऱ्यांचं विचारलं, अंगणात चार पावलं चालण्याचं विचारलं. फुलांचं विचारलं नाही. विसरलो म्हणून नाही. मला भीती होती की ते हो म्हणतील आणि मग मला थांबायला कारण उरणार नाही. मागच्या फेरीत आकडा असाच एकदा वर जाऊन तीन दिवसांत पुन्हा खाली आला होता, आणि वहिनी आठ दिवस दवाखान्यात होत्या. ते आठ दिवस मी पाहिले होते. म्हणून मी मनाशी ठरवलं, शनिवारी रक्त देऊ, सोमवारी दुसरा रिपोर्ट येईल, दोन्ही चांगले आले की फुलं आत. सुनंदाला हे आवडलं नाही. ती म्हणाली, "एक काडी ठेवा. न्हाईतर डॉक्टरला विचारा तरी." मी म्हणालो, मी एका नमुन्यावर कधी पास करत नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. "तूर आन् माणूस एकच हाय का तुमच्यासाठी?" मी कात्री घेऊन मागं खिडकीकडं गेलो. खरं तर मला उत्तर माहीत होतं. तुरीच्या बाबतीत मी इतका घाबरत नाही.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चार संध्याकाळी गुलछडी काचेपलीकडं होती. शुक्रवारची नवी पेंडी फार चांगली मिळाली होती, जाड काड्यांची, खालची दोन-दोन फुलं नुकती उमललेली. वहिनींनी तळहात पहिल्याच फटक्यात पालथा केला होता. शनिवारी सकाळी त्यांनी रक्त दिलं आणि घेणाऱ्या मुलीला सांगितलं, "चांगलं निघू दे ग बाई. माझी फुलं अडकून पडलीत याच्यात."

रविवारी जे झालं ते लिहायला मला जड जातंय, पण लिहिलं पाहिजे. नऊपर्यंत घर भरलं. वहिनींना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. नांदेडचे, अर्धापूरचे लोक येत होते, झेंडूचे आणि गुलाबाचे हार येत होते. माझ्या आत्यानं, तिचं वय ऐंशीच्या घरात, मागं जाऊन खिडकीवरचा तांब्या उचलला आणि म्हणाली, "तिची आवडती हायत. ठेवू दे अंगावर." आणि मी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला. म्हणालो, "ती अजून आत आणायची न्हाईत. रिपोर्ट यायचाय." कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तांब्या परत खिडकीबाहेर नेऊन ठेवला, सरळ केला आणि आत आलो. मी ते का म्हणालो, मला आजही सांगता येत नाही. मला सगळं कळत होतं. लाकडं किती सांगितली, गाडी किती वाजता येणार, हे सगळं मीच बघत होतो. पण चाळीस दिवस जे नाही म्हणत होतो ते तोंडातून गेलंच नाही. वहिनी झेंडूच्या हारांत गेल्या. त्यांना झेंडूचा वास कधीच आवडला नव्हता.

सोमवारी सकाळी दहाला दहा मिनिटं कमी असताना फोनवर रिपोर्ट आला. दोन हजार एकशे पन्नास. मी आकडा दोनदा वाचला. बाहेरच्या खोलीत आत्या आणि चार बायका सतरंजीवर बसल्या होत्या, कोपऱ्यात दिवा होता. मी उठून मागं गेलो. शुक्रवारची फुलं होती, पाणी रविवारी बदललेलं नव्हतं, गढूळ झालं होतं. तांब्या घासला. बादलीत पाणी घेतलं, काड्या बुडवून कापल्या, सुकलेली फुलं खुडली. मग तांब्या घेऊन बाहेरच्या खोलीतून आत निघालो. आत्यानं अडवलं.

"काल तिच्या अंगावर ठेवू दिली न्हाईस, आन् आज सुतकात फुलं आत नेऊन राहिलास? देवाचं काही करायचं नसतं आता."

"रिपोर्ट आला, आत्या," मी म्हणालो. एवढंच.

सुनंदा उठली, म्हणाली, "देवाची न्हाईत ती. वहिनींची हायत. जाऊ द्या त्यांना." मागच्या खोलीतली गादी एव्हाना काढून टाकली होती. नुसता विटांवर चढवलेला पलंग होता. मी उशाच्या बाजूला स्टूल ठेवलं, त्यावर तांब्या ठेवला. डावीकडची काडी जरा बाहेर ओढली. खिडकी उघडली.

पंधरा दिवसांनी मी डॉक्टरांकडं राहिलेले कागद द्यायला गेलो तेव्हा विचारलं. बुधवारपासून फुलं आत ठेवली असती तर चाललं असतं का? ते म्हणाले, चाललं असतं. मग माझं तोंड पाहून म्हणाले, पण तुम्ही थांबलात यातही चूक नाही, सावधपणा होता तो. दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच स्वरात म्हटली. मी घरी येईपर्यंत मनात आकडेमोड केली होती. बुधवारी दुपारी चार ते रविवारी पहाटे साडेपाच, म्हणजे साडेपंच्याऐंशी तास. त्यात चार संध्याकाळी. गुलछडीचा वास संध्याकाळी सुटतो आणि रात्रभर राहतो. माझ्या हातात होत्या त्या चार संध्याकाळी मी सोमवारसाठी राखून ठेवल्या. हे लिहून मला कुणाकडून दोष नाही असं म्हणवून घ्यायचं नाही. सुनंदा म्हणते, वहिनींनी तुम्हाला बोल लावला नसता. ते खरं आहे. त्यांनी "तू म्हणशील तसं" म्हटलं होतं. त्यांच्या बाजूनं ते प्रकरण मिटलं होतं.

ती सहा काड्यांची पेंडी पुढच्या शनिवारपर्यंत राहिली. नऊ दिवस. वरच्या काही कळ्या मिटलेल्याच राहिल्या, तशा त्या राहतातच. हसीनाआपा भेटायला आल्या होत्या, आता त्यांनाही चालायला काठी लागते. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी एक काडी तांब्यातून वर उचलली, टोकाचा तिरपा काप पाहिला आणि विचारलं, "पानी में काटी?" मी हो म्हणालो. त्यांनी काडी जिथून काढली तिथंच परत ठेवली आणि तोंडाला पदर लावला.

आता मी दर शुक्रवारी गंजगोलाईतून येताना सहा काड्या आणतो. लांबी मोजत नाही, बघून कापतो, आणि बहुतेक वेळा चुकतो. पलंगाखालच्या विटा काढायला हव्यात, अजून काढलेल्या नाहीत. दारावरचा कागद सुनंदानं काढला. त्या खोलीत सध्या कुणी राहत नाही. संध्याकाळी सहाच्या पुढं वास वाढत जातो, आधी खोलीत, मग मधल्या दारातून स्वयंपाकघरापर्यंत. त्या वेळी मी तिथं बसू शकत नाही. दार मात्र उघडं ठेवतो.